पहिल्या चाळीस मीटरचा घोळ

जैसलमेरहून परत आल्यापासून होस्टेलमध्ये मला दोनच प्रश्न विचारले गेलेत. पहिला, "उंटावर बसलास का?" आणि दुसरा, "मग, तेल लागलं का?" पहिल्याचं उत्तर 'हो, आणि परत बसणार नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर जरा मोठं आहे. मेसच्या टेबलावर सांगायला लागलो की भात येईपर्यंत निम्मी मंडळी ताट उचलून पसार होतात. म्हणून संपादकांनी "मराठी विभागासाठी काहीतरी दे ना" म्हटल्यावर ठरवलं, आता कागदावरच सांगू. कागद अर्धवट टाकून उठलात तरी मला दिसणार नाही!

तर झालं असं की मागच्या वर्षी आठव्या सेमिस्टरची इंटर्नशिप मला एका सिस्मिक क्रूवर मिळाली. मी ई अँड टीसीचा. जमिनीखाली तेल आणि गॅस शोधणाऱ्यांना सिग्नल प्रोसेसिंगवाले कशाला लागतात, हे मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिने जैसलमेर जिल्ह्यात, रामगढच्या पुढच्या वाळूत, तंबूत काढले. आता इथेच एम.टेक. करतोय, म्हणजे सुटलो सुटलो म्हणता म्हणता परत त्याच मेसमध्ये. असो.

वाळवंटात तेल शोधायचं कशाला?

कारण तिथे ते आहे. २००४ साली बाडमेर जिल्ह्यात मंगला हे मोठं तेलक्षेत्र सापडलं आणि २००९ साली तिथून उत्पादन सुरू झालं. जैसलमेरच्या बाजूला गॅस आहे. तिथल्या एका गॅसक्षेत्राचं नावच मुळी मन्हेरा टिब्बा. टिब्बा म्हणजे वाळूची टेकडी. शाळेच्या भूगोलात आपण बारखण नावाच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या वाचल्या होत्या ना, त्याच कुळातली मंडळी.

पण तेल आहे हे कळणं वेगळं आणि नेमकं कुठे भोक पाडायचं हे कळणं वेगळं. एक विहीर खणायची म्हणजे कोट्यवधींचा खर्च. म्हणून आधी जमिनीचा 'सोनोग्राफी रिपोर्ट' काढतात. त्यालाच सिस्मिक सर्व्हे म्हणतात.

तत्त्व इतकं सोपं आहे की अकरावीतल्या मुलालाही कळेल. जमिनीवर एक दणका द्यायचा. त्याच्या लाटा खाली जातात. खडकाचा प्रकार जिथे बदलतो तिथून थोडी लाट परत फिरते. वर जिओफोन नावाचे छोटे कान पेरून ठेवलेले असतात. जिओफोनच्या आत एक चुंबक आणि स्प्रिंगला टांगलेलं कॉइल; जमीन हलली की व्होल्टेज तयार होतं. दणका दिल्यापासून प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजायचा, त्याला वेगाने गुणायचं आणि दोनाने भागायचं. दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला आणि खडकातला सरासरी वेग सेकंदाला ३००० मीटर धरला, तर तो थर ३ किलोमीटर खोल. झालं!

मी पहिल्या दिवशी हे सूत्र वहीत लिहून आमच्या ऑब्झर्व्हर सरांना दाखवलं. ऑब्झर्व्हर म्हणजे रेकॉर्डिंगच्या गाडीत बसून सगळ्या लाइनवर नजर ठेवणारा माणूस. सर मूळचे जळगावचे, वीस-बावीस वर्षं क्रूवर काढलेले. त्यांनी वही बघितली, हसले आणि म्हणाले, "बाळा, खालच्या तीन किलोमीटरचं मला कधीच टेन्शन नसतं. माझी झोप उडवतात ते वरचे चाळीस मीटर."

मला वाटलं, सर सिनिअर आहेत, डायलॉग मारतायत. तीन महिन्यांनी पटलं की तो डायलॉग नव्हता, तो अख्खा सिलॅबस होता.

वाळू लाट खाते

वाळवंटातली वरची वाळू कोरडी आणि सुटी असते. कण एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे नुसती हवा. अशा वाळूतून लाट किती वेगाने जाते? खालच्या पक्क्या खडकात सेकंदाला दोन-तीन हजार मीटर, आणि अगदी वरच्या कोरड्या वाळूत कधीकधी ३०० मीटरपेक्षाही कमी. म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षाही हळू! हे मी आधी छापखान्याची चूक समजलो होतो.

नुसती हळू जाते एवढंच नाही. कण एकमेकांवर घासतात आणि लाटेची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. प्रत्येक आवर्तनाला थोडा थोडा टक्का कापला जातो. म्हणजे तेवढ्याच अंतरात ज्या लाटेची आवर्तनं जास्त, तिची कपात जास्त. थोडक्यात, उंच फ्रिक्वेन्सी आधी मरतात. आपल्या होस्टेलमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री बाजूच्या विंगमध्ये कुणीतरी गाणी लावतो तेव्हा आपल्यापर्यंत काय पोचतं? शब्द नाही, सूर नाही, फक्त धप-धप. तसंच.

आता फक्त धप-धप पोचली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. दोन थर वेगवेगळे दिसायचे असतील तर त्यांच्यातलं अंतर ढोबळमानाने तरंगलांबीच्या पाव हिश्श्याएवढं तरी हवं. वेग ३००० आणि फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी ५० मीटर, म्हणजे साडेबारा मीटर जाडीचा थर दिसू शकतो. वाळूने वरच्या फ्रिक्वेन्सी खाल्ल्या आणि हातात ३० हर्ट्झच उरले, तर २५ मीटरपेक्षा पातळ थर नीट सुटे दिसत नाहीत. आणि तेल काही आपल्या सोयीसाठी जाड थरातच बसत नाही.

त्यात आणखी एक त्रास. दणक्यातली बरीचशी ऊर्जा खाली जातच नाही, ती जमिनीच्या पृष्ठभागावरूनच लोळत जाते. तिला ग्राउंड रोल म्हणतात. टेकड्यांच्या प्रदेशात ही लाट प्रत्येक उतारावर आपटून चारी दिशांना पसरते. खालून येणारा प्रतिध्वनी बिचारा कुजबुजतोय आणि वर ही सगळी गॅदरिंगची गर्दी, असा प्रकार.

दणका द्यायचा कसा?

पारंपरिक उपाय म्हणजे सुरुंग. भोक पाडून त्यात स्फोटक ठेवायचं आणि उडवायचं. सुटी वाळू संपून पक्का थर लागेपर्यंत भोक खोल गेलं तर उत्तम सिग्नल मिळतो. पण कोरड्या वाळूत भोक पाडून बघा! समुद्रकिनाऱ्यावर खड्डा खणताना बाजू आत ढासळतात, तेच इथे तीस मीटर खोलीपर्यंत. बाजू धरून ठेवायला ड्रिलिंगचा चिखल वापरावा तर पाणी लागतं, आणि वाळू ते टँकरच्या टँकर पिऊन टाकते. जिथे माणसं आणि शेळ्या पाण्यासाठी मैलोन् मैल जातात तिथे हे करताना मनाला बरं वाटत नाही. केसिंग घालत घालत उतरावं तर वेळ जातो. आणि भोक उथळ ठेवून वाळूतच सुरुंग उडवला तर त्याची बरीचशी ताकद आसपासची वाळू दाबण्यात आणि उडवण्यातच खर्च होते.

दुसरा उपाय व्हायब्रेटर. हे तंत्र अमेरिकेत १९५० च्या दशकात विकसित झालं. मोठ्या चाकांची अवजड गाडी, पोटाखाली एक जाड पोलादी पाट. गाडी आपलं वजन त्या पाटावर टाकते आणि पाट थरथरायला लागतो. हळू सुरुवात करून, म्हणजे समजा ८ हर्ट्झपासून, १२ सेकंदांत ८० हर्ट्झपर्यंत चढत जातो. ई अँड टीसीवाल्यांनो, ओळखलंत का? हा आपला चर्प! रडारच्या धड्यात वाचून विसरलेला. एका दणक्याची ऊर्जा १२ सेकंदांत पसरवून टाकलेली, आणि नंतर रेकॉर्डिंगचं मूळ चर्पशी क्रॉस-कोरिलेशन केलं की ती परत गोळा होते. डीएसपीच्या व्हायव्हाला कोरिलेशनची व्याख्या सांगताना माझी फे-फे उडाली होती. इथे ते डोळ्यांसमोर घडताना बघितलं. १६ सेकंदांचं गिचमिड रेकॉर्ड आणि कोरिलेशननंतर ४ सेकंदांत स्वच्छ उमटलेले प्रतिध्वनी. कुणी हे आधी दाखवलं असतं तर दोन मार्क तरी जास्त पडले असते.

पण वाळू इथेही आडवी येते. मोठ्या व्हायब्रेटरचा कमाल जोर सुमारे २७ टनांचा असतो. पक्क्या जमिनीवर तो खाली जातो. वाळूवर मात्र गादीवर बुक्की मारल्यासारखं होतं. पाट सगळीकडे सारखा टेकत नाही, वाळू खचते, आणि पाठवलेल्या फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचा कचराही तयार होतो. उपाय म्हणून जोर थोडा कमी करायचा, चर्प लांबवायचा आणि तीन-चार गाड्या एकत्र, एकाच क्षणी चालवायच्या.

आणि गाड्या चढवायच्या कुठे? टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, तिथून गाडी चढते. पलीकडची बाजू म्हणजे घसरगुंडी. सुटी वाळू ज्या कोनात कशीबशी ठरते तो, साधारण ३२ ते ३४ अंशांचा उतार. तिथे व्हायब्रेटर जात नाही. मग तेवढे पॉइंट सोडायचे किंवा बाजूला सरकवायचे. डोझरने वाट काढता येते, पण त्याची किंमत वेगळीच असते. तिथल्या वाळूला सेवण नावाचं गवत धरून असतं. ते एकदा खरवडलं की वाळू मोकळी होते आणि टेकडी चालायला लागते. खेजडीचं झाड तर तिथल्या माणसांना घरच्यासारखं. शिवाय हा गोडावण पक्ष्याचा, म्हणजे आपल्या माळढोकाचा, देशातला शेवटचा मोठा आसरा. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, तरी तिथे तो आता जवळजवळ दिसेनासा झालाय. त्यामुळे डोझर कुठे चालवायचा आणि कुठे नाही, यावर कॅम्पात रोज वाद व्हायचे. व्हायलाच हवेत असं माझं मत झालं.

माझी चूक

आता कानांकडे येऊ, आणि माझ्या फजितीकडेही.

एका ठिकाणी एकच जिओफोन लावत नाहीत. आमच्याकडे १२ जिओफोनची माळ असायची, दोन जिओफोनमध्ये ४ मीटर. बाराही जणांच्या सिग्नलची बेरीज होऊन एक नोंद बनते. ही युक्ती भारी आहे. खालून येणारी लाट बाराही जणांपर्यंत एकाच वेळी पोचते, त्यामुळे ती बेरजेत मोठी होते. आडवा लोळत येणारा ग्राउंड रोल मात्र एकेकाला वेगवेगळ्या वेळी भेटतो, कुणी वर तर कुणी खाली, म्हणून बेरजेत बराचसा मरतो.

पहिले तीन आठवडे मी नुसतं बघत होतो. मग सरांनी एका टेकडीवरचे सात पॉइंट माझ्याकडे दिले. म्हणाले, "लावणारी माणसं अनुभवी आहेत, तू फक्त बघ आणि नोंद कर." मी 'फक्त बघणारा' कसला! इंजिनिअर ना आपण! माळ उताराला आडवी लावायला लागलेल्या माणसांना मी थांबवलं आणि लाइनच्या खुंट्या ज्या दिशेने होत्या त्याच दिशेने, सरळ उतारावर, वरून खाली माळा लावायला सांगितल्या. नकाशात लाइन सरळ होती, मग माळ वाकडी का? माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने मी सांगितलं तसं केलं.

संध्याकाळी रेकॉर्डिंगच्या गाडीत सरांनी मला बोलावलं. स्क्रीनवर माझे सात पॉइंट ओळीने आजारी दिसत होते. सगळीकडे सिग्नलला धार, आणि मधेच सात बोथट रेघा.

"माळेची लांबी किती?"

"४४ मीटर, सर."

"उतार?"

"दहा अंश असेल."

"मग वरच्या आणि खालच्या जिओफोनच्या उंचीत फरक किती?"

मी कॅल्क्युलेटर काढला. जवळजवळ ८ मीटर.

"वाळूतला वेग ४०० धर. आता सांग."

८ भागिले ४००. वीस मिलिसेकंद. म्हणजे खालून येणारी लाट तळाच्या जिओफोनला आधी भेटत होती आणि टोकाच्या जिओफोनला वीस मिलिसेकंदांनी उशिरा. ५० हर्ट्झच्या लाटेचं अख्खं आवर्तनच वीस मिलिसेकंदांचं असतं! माळेभर एक पूर्ण आवर्तन पसरलं की बेरीज जवळपास शून्य. ज्या युक्तीने ग्राउंड रोल मारायचा, त्याच युक्तीने मी आमचा सिग्नल मारला होता. उरल्यासुरल्या उंच फ्रिक्वेन्सी, ज्या वाळूनेही सोडल्या होत्या, त्या मी खाल्ल्या.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एका माळेत दोन मीटरपेक्षा जास्त चढउतार नको, हा नियम आहे. उतार असेल तर माळ आडवी लावायची, नाहीतर जिओफोन जवळ जवळ गोळा करायचे. तुला सांगायचं मी विसरलो. पण त्या माणसांना माहीत होतं. तू विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी ते सातही पॉइंट परत लावावे लागले. तीच माणसं, तीच टेकडी, तेच खांद्यावरचं ओझं. मार्च संपत आला होता, अकरा वाजताच वाळूवर हात ठेववत नव्हता. मीही त्यांच्याबरोबर माळा उचलल्या. त्यांना त्याची गरज नव्हती, मला होती. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे काकोसा म्हणत. मी जिओफोन नुसता वाळूत टोचत होतो. त्यांनी तो उपटला, हाताने वाळू बाजूला सारत सारत खड्डा केला आणि म्हणाले, "ठंडी रेत तक खोदो, साब."

वरची वाळू फिकी आणि सुटी असते. थोडं खाली गेलं की तिचा रंग जरा गडद होतो आणि हाताला गार लागतं. अख्ख्या वाळवंटात, भर उन्हात, हातभर खाली ओल धरलेली असते! त्या किंचित ओलीने कण एकमेकांना धरून राहतात. जिओफोनचा खिळा तिथे घट्ट बसतो आणि जमीन हलते तसाच हलतो. वरच्या सुट्या वाळूत तो नुसता डुगडुगतो. शिवाय पुरलेल्या जिओफोनला वारा लागत नाही. उडणारी वाळू जिओफोनवर आणि केबलवर तडतडली तरी तो आवाज रेकॉर्डमध्ये येतोच. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी वारा असा सुटायचा की काम बंद ठेवून आम्ही पहाटे आणि रात्री रेकॉर्डिंग करायचो.

कपलिंग हा शब्द मी चार वर्षं ऐकला होता. तो हाताला गार लागतो हे काकोसांनी शिकवलं.

वाळूने दाखवलेला खोटा घुमट

आता खरा घोळ. तेल आणि गॅस पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते खडकातून वर सरकतात आणि वर आलेल्या, पालथ्या वाटीसारख्या घडीत अडकतात. म्हणजे सगळेजण शोधत असतात तो घुमट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॅम्पातल्या प्रोसेसिंगवाल्यांनी आमच्या लाइनचा पहिला कच्चा छेद काढला. आणि काय सांगू, मधोमध सुंदर घुमट! दोन्ही बाजूंना उतरते थर, मधे छान वर आलेले. मी तर फोटो काढून घरी पाठवायच्या बेतात होतो.

प्रोसेसिंगच्या मॅडमनी काही न बोलता त्याच स्केलवर जमिनीच्या उंचीचा आलेख वर ठेवला. डावीकडे मोठी टेकडी, उजवीकडे मोठी टेकडी, मधे सपाट दरी. घुमट बरोब्बर दरीच्या खाली.

हिशेब तुम्हीच करा. टेकडी ४० मीटर उंच, वाळूतला सरासरी वेग ५००. लाटेला टेकडी पार करायला ८० मिलिसेकंद लागले. तिथे पक्की जमीन असती, वेग २०००, तर २० मिलिसेकंद पुरले असते. म्हणजे ६० मिलिसेकंदांचा उशीर. दणकाही टेकडीवर आणि जिओफोनही टेकडीवर असतील तर दुप्पट, १२० मिलिसेकंद. आता तोच वेळ खालच्या ३००० च्या वेगाने खोलीत बदला आणि दोनाने भागा: १८० मीटर! वरच्या चाळीस मीटर वाळूने खालचा थर १८० मीटर खचलेला दाखवला. दोन्ही टेकड्यांखाली थर खचलेला दिसला की मधल्या दरीखाली आपोआप घुमट उभा राहतो. पृथ्वीच्या पोटात काहीच नसताना. तिथे विहीर खणली असती तर हाती काय लागलं असतं, ते वेगळं सांगायला नको.

यावरचा उपाय दिसायला सोपा: प्रत्येक पॉइंटखाली वाळू किती जाड आणि तिच्यात वेग किती, हे शोधा आणि तेवढा वेळ वजा करा. याला स्टॅटिक करेक्शन म्हणतात. पण वाळू खोल जाईल तशी स्वतःच्याच वजनाने दबत जाते आणि तिच्यातला वेग वाढतो. त्यामुळे एकच वेग धरून चालत नाही. सौदी अरेबियाच्या रुब अल खाली वाळवंटात टेकड्या दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत उंच जातात. तिथल्या लोकांनी वाळूची जाडी आणि लाटेला लागणारा वेळ यांचा एक वक्रच बनवून ठेवलाय. आपल्या थरची वाळू मात्र आपणच मोजायला हवी.

मोजायचे दोन मार्ग. एक, पहिल्या लाटेचा वेळ बघायचा. शेजारच्या गावाला जायचं तर आपण गावातल्या रस्त्यानेच जातो, पण लांब जायचं असेल तर आधी हायवे गाठतो. वाट वाकडी झाली तरी आधी पोचतो. लाटही तसंच करते. लांबच्या जिओफोनकडे जाणारी लाट आधी वाळूतून खाली उतरते, पक्क्या थराच्या हायवेने धावते आणि शेवटी परत वाळूतून वर येते. दोन्ही टोकांच्या वाळूत तिला किती उशीर झाला ते तिच्या वेळेवरून काढता येतं. दुसरा मार्ग अपहोलचा. वाळू पार करून पक्क्या थरात जाईल असं भोक पाडायचं, त्यात वेगवेगळ्या खोलीवर छोटे डिटोनेटर खालून वर एकेक करत उडवायचे आणि वर लाट किती वेळात येते ते मोजायचं. वेळ आणि खोलीचा आलेख काढला की रेषेचा उतार जिथे बदलतो तिथे थर बदलला.

आमचं घोडं अडलं होतं ते इथेच. उजवीकडच्या टेकडीवरचं अपहोल दोनदा ढासळलं होतं. एप्रिल सुरू झालेला, पारा चाळिशीच्या वर, लाइन वेळापत्रकाच्या मागे. "शेजारच्या टेकडीचे आकडेच इथे वापरू" असं कॅम्पात उघडपणे बोललं जात होतं. खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटत होतं, कारण मला घरी जायचं होतं. पार्टी चीफ साहेबांनी कच्चा छेद बघितला, आलेख बघितला आणि ड्रिलरला एवढंच विचारलं, "केसिंग किती शिल्लक आहे?"

तिसऱ्यांदा भोक पाडायला पावणेदोन दिवस लागले. केसिंग घालत, इंच इंच करत. त्या टेकडीतली वाळू शेजारच्या टेकडीपेक्षा खरंच वेगळी निघाली. ते आकडे घालून, पहिल्या लाटांच्या वेळांशी जुळवून छेद परत काढला, तेव्हा आमचा देखणा घुमट मावळला. थर जवळपास सपाट झाले. डाव्या अंगाला, जिथे आधी काहीच दिसत नव्हतं तिथे, एक बारीकसा उंचवटा मात्र उरला. तो कशाचा, हे पुढचा अर्थ लावणारे लोक ठरवतील.

तर "तेल लागलं का?" याचं माझं उत्तर असं आहे: नाही, पण एक कोरडी विहीर खणायची वाचली असावी. वाचलेली विहीर दिसत नाही, तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवता येत नाही, म्हणून हे पटवायला एवढी पानं लागली.

जाता जाता

हल्ली केबलऐवजी नोड आलेत. जिओफोन, बॅटरी, मेमरी आणि जीपीएसचं घड्याळ एकाच डबीत. केबल वाहायची नाही, शेळ्यांनी चघळायची भीती नाही. पण नोडची नोंद बहुतेक वेळा नंतर गोळा करून बघावी लागते. माझे सात पॉइंट जसे त्याच संध्याकाळी पकडले गेले तसे कदाचित पकडले गेले नसते. आणि रात्रीच्या वाऱ्यात टेकडी जराशी सरकली की डबी शोधत फिरा! यंत्र कितीही बदललं तरी गार वाळूपर्यंत खड्डा खणायला कुणीतरी लागतोच.

ज्युनिअर मंडळींना एवढंच सांगेन, की असल्या क्रूवर इंटर्नशिप मिळाली तर बिनधास्त जा. मेकॅनिकलवाल्यांना व्हायब्रेटर आहे, सिव्हिलवाल्यांना सर्व्हे आणि माती आहे, कॉम्प्युटरवाल्यांना ढीगभर डेटा आहे. जाताना डीएसपीची वही, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि कानटोपी घ्या. फेब्रुवारीच्या रात्री तिथे दात वाजतात. आणि कुणी माळ आडवी लावत असेल तर ती सरळ करायच्या आधी त्याला विचारा, "का हो, आडवी का?"

मी विचारलं असतं तर सात पॉइंट वाचले असते आणि त्या माणसांची एक सकाळही.